तो फोन उचलायचा

लँडलाइन परत केली त्या दिवशी कपाटातून बाबांचं पितळी कुलूप निघालं. बोटभर, डायलच्या भोकात अडकवायचं. ते लागलं की बाहेरचा फोन घेता यायचा, आपल्याला लावता यायचा नाही. ते हातात घेतल्यावर मला बाबांच्या आधी अमेरिकी लेखक रॉबर्ट कॉर्मियर आठवला.

अकरावीत असताना फाउंटनच्या फुटपाथवरून मी त्याचं 'आय ॲम द चीज' घेतलं होतं. ॲडम फार्मर नावाचा मुलगा सायकलवरून बापाला भेटायला निघतो आणि वाटेत बूथमधून ॲमी नावाच्या मैत्रिणीला फोन लावत राहतो. ॲमीचा नंबर पुस्तकात दिलेला आहे. माझ्या प्रतीत त्या नंबराखाली कुणीतरी पेन्सिलीने इतकी दाबून रेघ मारली होती, की मागच्या पानावर तिचा वळ उठला होता.

तो नंबर कॉर्मियरच्या स्वतःच्या घरचा होता. 1977 साली पुस्तक आलं आणि फोन वाजायला लागला. अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या गावांतली पोरं ॲमीला विचारत. तो उचलायचा. कधी ॲमीचा बाप होऊन बोलायचा, कधी खरं सांगायचा. वर्षानुवर्षं फोन येत राहिले, पण नंबर काही त्याने बदलला नाही.

हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पण नंबर बघूनच मी तेव्हा नाक्यावरच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओत जाऊन उभी राहिले होते. काउंटरवरच्या काकांनी अमेरिकेचा दर सांगितला. काचेच्या खोक्यात कुणीतरी गावाकडच्या आजारपणाबद्दल ओरडून बोलत होतं आणि मीटरवरचे लाल आकडे पळत होते. मी पुस्तक छातीशी धरून परत आले. ॲमी खोटी आहे हे मला ठाऊक होतं. तरी पलीकडे कुणीतरी असेल असं का वाटलं, हे अजून सांगता येत नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टरमध्ये 1925 साली तो जन्मला, आणि मुक्काम जन्मभर तिथेच. फणी बनवण्याच्या कारखान्यांचं गाव, फ्रेंच-कॅनेडियन कामगारांची वस्ती. तीसएक वर्षं तो वार्ताहर होता. 1960 सालची पहिली कादंबरी मरणाच्या दारातल्या एका म्हाताऱ्याची होती. त्यात बापाचं मरण होतं, त्याच्या स्वतःच्या. मुलांसाठी लिहायचं त्याने ठरवलंच नव्हतं. त्याच्या मुलाने, पीटरने, शाळेच्या निधीसाठी चॉकलेटं विकायला नकार दिला. बापाने पाठिंबा दिला. प्रत्यक्षात काहीच वाईट झालं नाही. पण झालं असतं तर, हा विचार बापाला सोडेना. त्यातून 'द चॉकलेट वॉर' झाली. त्यातला जेरी नाही म्हणतो, आणि शाळेतली आर्चीची गुप्त टोळी आणि धर्मबंधू-शिक्षक मिळून त्याला मोडतात. शेवटी तो रक्तबंबाळ पडलेला असतो आणि कुणालाही शिक्षा होत नाही. प्रकाशकांनी शेवट बदलायला सांगितला. एकामागून एक नकार आले, तरी कॉर्मियरने तो बदलला नाही. 1974 साली पुस्तक निघालं ते त्याच शेवटासकट. 1991 साली त्याला किशोर साहित्यातल्या योगदानाबद्दल मार्गारेट ए. एडवर्ड्‌स पुरस्कार मिळाला. आणि 2004 मध्ये, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर, हेच पुस्तक अमेरिकी ग्रंथालयांत सर्वाधिक आक्षेप घेतलेलं पुस्तक ठरलं.

आक्षेप घेणाऱ्यांचा मला राग आहे आणि तो मी जपून ठेवलाय. आमच्या वाचनालयातल्या एका बाईंनी माझ्या हातून असंच एक पुस्तक काढून घेतलं होतं, "मुलांना उमेद देणारं वाचावं" म्हणून. वर्गातली एक मुलगी तेव्हा रोज दुपारी डबा संडासाशेजारी एकटी खात होती, कारण चौघींनी तसं ठरवलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, बाईंनाही असावं. शेवटच्या पानावर सारं सुरळीत होणाऱ्या गोष्टी तिला कोणत्या कामाच्या होत्या? तिला कॉर्मियर द्यायला हवा होता. तुझ्यावर जे चाललंय ते खरंच चाललंय, एवढं तरी त्याने तिला सांगितलं असतं.

आणि मला त्याच्याबद्दल माया वाटते ती इथे. इतकं काळं लिहिणारा माणूस दाराला कडी लावून बसला नाही. वाचून हादरलेलं पोर फोन करील, तेव्हा पलीकडे आपण असायला हवं, असं त्याने मानलं. साने गुरुजींनी पुतणी सुधाला 'सुंदर पत्रे' लिहिली. त्यांचा मार्ग अगदी वेगळा, पाझरणारा. तरीही एका मुलाशी सरळ बोलायचं, मधे कुणी नको, ही ओढ दोघांची एकच वाटते.

शेजारच्या आठवीतल्या मुलीला परवा 'चॉकलेट वॉर' दिलं. दोन दिवसांत परत घेऊन आली, डोळे लाल. "ताई, त्या आर्चीला काहीच होत नाही? आणि जेरीचं पुढे काय होतं?" मी म्हटलं, तुझ्यासारखी मुलं हेच विचारत राहिली म्हणून 1985 साली त्याने दुसरा भाग लिहिला. ती तिथेच सोफ्यावर बसली आणि म्हणाली, तो आत्ताच्या आत्ता मागवा, मी थांबते.