नंदादेवीचे दार

आपल्याकडे भाद्रपदात गौरी येतात आणि तिसऱ्या दिवशी आपण त्यांची बोळवण करतो. गढवाल-कुमाऊंत नंदादेवी हीच अशी माहेरवाशीण. तिला सासरी पोचवायला बारा वर्षांनी राजजात निघते. कौसानीहून मी ते सासर, ७,८१६ मीटर उंचीचे, पाहिले आणि एवढ्या थंडीत लेक देणाऱ्यांचा रागच आला!

त्या घराला शिखरांचा अखंड कोट आहे. ऋषिगंगेने कोरलेली पश्चिमेची घळ हीच काय ती फट. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन तीन शेर्पांसह तिच्यातून आत गेले. १९३६ च्या २९ ऑगस्टला टिलमन आणि ओडेल दक्षिण धारेने माथ्यावर पोचले, तेही ऐन पावसाळ्यात! कोटामुळे आत एरवी पाऊस बेताचाच, पावसाळ्यात मात्र जोराचा. तेव्हा ढग आणि धुके हटत नाही आणि सहा महिने सारे बर्फाखाली असते. म्हणून चढणारे बहुधा मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठत.

मुख्य शिखरावरून पूर्व शिखराकडे जाणारी धार फार अवघड. १९५१ साली द्युप्ला आणि विन्य हे फ्रेंच वीर तिच्यावर निघाले, ते परतलेच नाहीत. १९७६ साली भारतीय-अमेरिकन तुकडीने उत्तरेकडून नवी वाट काढली. त्याच मोहिमेत विली अन्सोल्ड यांची मुलगी वरच्या तळावर वारली. बापाने तिचे नाव या शिखरावरूनच ठेवले होते : नंदादेवी.

पुढे माणसांचा राबता, कचरा आणि वृक्षतोड वाढली. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढल्या वर्षी आतली वाट बंद झाली. शिखर वाचले, पण लाता-रैणीच्या लोकांची कुरणे गेली, ओझी वाहून मिळणारे चार पैसेही गेले. याच रैणीच्या गौरादेवी आणि इतर बायकांनी १९७४ साली झाडांना बिलगून जंगल राखले होते. आणि ७ फेब्रुवारी २०२१ ला याच खोऱ्यातल्या रोंटी शिखराचा बर्फाळ कडा कोसळला, ऋषिगंगेला लोंढा आला, दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. रैणीलाही त्याची झळ लागली.

वाचकहो, ते दार उघडावे असे मला वाटत नाही. लेकीच्या घरी उठसूट जाऊ नये, हे आपण जाणतोच. पण जे पिढ्यान्‌पिढ्या तिच्या उंबऱ्याशी राहिले, त्यांच्या चुलीची विचारपूस तरी दार लावणाऱ्यांनी करायला हवी.