मालवणला जाताना मार्कशीट नेऊ नका!

लीव्ह टाकली तेव्हा बॉसने विचारलं, ‘मालवण? परत?’ मी म्हटलं, ‘मासे!’ खरं कारण सांगितलं असतं तर त्याने रजेऐवजी राजीनामाच मंजूर केला असता.

खरं कारण माझ्या सॅकच्या तळाशी होतं. बीएस्सीच्या मार्कशीट्स. दोन एटीकेटी आणि शेवटी कसाबसा पास क्लास. वय वर्षं सत्तावीस, नोकरी मेडिक्लेमचे क्लेम तपासण्याची. रोज पन्नासेक लोकांची डिस्चार्ज समरी वाचायची आणि बिलावर टिक करायची. वाचता वाचता कधीतरी डोक्यात खूळ शिरलं, की हे नुसतं वाचण्यापेक्षा लिहिणारं व्हावं. म्हणजे डॉक्टर. आता हसा!

हे खूळ ऐकून न हसणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता, माझा मामेभाऊ. त्याची बीएस्सी माझ्याहून वाईट आहे. केमिस्ट्रीने त्याला दोनदा लोळवलं, तीन वर्षांची डिग्री चार वर्षांत झाली. कोकण विभाग सुरू झाल्यापासून बारावीच्या निकालात सातत्याने राज्यात पहिला येतो. अशा जिल्ह्यात पास क्लास घेऊन फिरणं म्हणजे लग्नात विटका शर्ट घालून जाण्यासारखं. आणि आज हा पठ्ठ्या ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

तर जानेवारीतली शुक्रवारची रात्र, दादरची तुतारी, सकाळी कुडाळ. तिथून एसटीने मालवण. वाटेत काजूची झाडं, जांभा दगडाच्या घाट्या आणि मग अचानक नाकात शिरणारा खारा वास. दांडीच्या किनाऱ्याजवळ मामाचं घर. मामी दारातच. ‘इलंस गो बाय? पयला जेवून घे. मगे काय ता बोल.’ बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. मार्कशीट सॅकमध्येच राहिली.

दुपारी भाऊ म्हणाला, ‘चल ताई, किल्ल्यावर जाऊ. तिथे रेंज कमी आहे, बॉसचा फोन येणार नाही.’ जेटीवरून होडीने दहा-पंधरा मिनिटं. २५ नोव्हेंबर १६६४ला महाराजांनी या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, १६६७मध्ये ते पुरं झालं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. आणि मला कायम चकित करणाऱ्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना समुद्र आणि आत गोडं पाणी!

तटावर बसून मी शेवटी मार्कशीट्स काढल्या. भावाने न वाचताच घडी घालून परत दिल्या.

‘या कोणी मागणार नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे एमबीबीएसला ग्रॅज्युएशनचे मार्क लागतच नाहीत. बारावीला पीसीबीत किती?’

‘एकसष्ट टक्के.’

‘ओपनला पन्नास लागतात, राखीव गटाला चाळीस. झालं. पुढे फक्त नीट. १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार, चुकलं की एक वजा. कितीही वेळा द्या.’

‘आणि वय?’

‘आधी पंचवीसची मर्यादा होती, २०२२मध्ये काढली. वर काही लिमिट नाही.’

मला ओडिशाचे जय किशोर प्रधान आठवले. स्टेट बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, २०२०मध्ये वयाच्या ६४व्या वर्षी बुर्लाच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले. अमेरिकेत गणित उलटं आहे. तिथे आधी पदवी, मग मेडिकल. एमडीच्या सामायिक अर्जात कॉलेजातला प्रत्येक ग्रेड मोजला जातो. नापास झालेला विषय परत देऊन सोडवला तरी जुना ग्रेड हिशेबात राहतोच. आपल्याकडे मात्र पाटी कोरी. मी जाम खूश!

‘थांब,’ भाऊ म्हणाला. ‘मीपण असाच खूश झालो होतो. मार्क पुसले जातात, सवय पुसली जात नाही. माझी डिग्री कशाने गेली? वर्षभर क्रिकेट आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स. पहिली नीटपण तशीच दिली, आपटलो. दुसरीत जरा वर आलो. तिसऱ्या वेळी जमलं. २०२४मध्ये परीक्षेला २३ लाखांहून जास्त पोरं बसली, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर. आदल्या रात्रीवाल्याला त्यात कोण विचारतो? बरं, आत आल्यावरही सुटका नाही. पहिलं वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत सुटलं पाहिजे, नाहीतर घरी.’

समोर होडीवाला शेवटची हाक मारत होता. आम्ही उठलो.

रविवारी त्याच्या बाइकवरून कसालमार्गे ओरोस. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, पण टुरिस्ट इथे हायवेवरून न थांबता गोव्याला पळतात. सरकारी मेडिकल कॉलेज इथे २०२१मध्ये सुरू झालं, एमबीबीएसच्या १०० जागा, जिल्हा रुग्णालयाला जोडून. बाहेर चहाच्या टपरीवर पेशंटचे नातेवाईक, हातात एक्स-रेची पाकिटं. माझ्या टेबलावर येणारी कागदं इथे माणसांच्या हातात होती.

‘आजोबांना बांबोळीला नेलं होतं, आठवतं?’ भाऊ म्हणाला. आठवतं. सिरियस म्हटलं की गोव्यातलं बांबोळी, मालवणहून शंभराहून जास्त किलोमीटर. त्या रात्री गाडीत मागे हाच बसला होता, आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन. तेव्हा तो एसवायला नापास झालेला होता. त्याने पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रात्री मामीने मुद्द्यावर बोट ठेवलं. ‘मार्क कमी पडले म्हणान माणूस कमी पडता काय? पण गो, पाच वर्सा पगार नाय, ता बघितलंस?’ साडेचार वर्षं शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून पास झाल्यावर वर्षभराची सेवा. डोंबिवलीच्या फ्लॅटचा हप्ता, बाबांची पेन्शन. हे गणित नीटच्या पेपरात नसतं.

निघताना भाऊ स्टेशनवर आला. ‘नोकरी सोडू नकोस. क्लासही लावू नकोस. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं घे, रोज पहाटे दोन तास. सलग तीन महिने जमलं तर मला फोन कर. नाही जमलं तर मासे खायला ये, कोणी काही विचारणार नाही.’

आज बाविसावा दिवस. दोन पहाटा बुडाल्या, खरं सांगते. मार्कशीट्स परत कपाटात गेल्यात. फोन अजून केलेला नाही.

मालवणला जायचंय?

कसं जाल : दादरहून तुतारी किंवा सीएसएमटीहून कोकणकन्या. कुडाळला उतरा, पुढे मालवण साधारण ३० किलोमीटर, एसटी आणि रिक्षा मिळतात. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झाला, पण विमान आहे का ते आधी बघून घ्या.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईची आशा नको.

काय खाल : बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. ऑफिससाठी मालवणी खाजा.

काय नेऊ नका : वर सांगितलंच आहे!