शॅकलएवढी जागा

उजव्या हाताची पहिली दोन बोटं आता मला खरं सांगत नाहीत. साखरेने टोकं बधिर केली आहेत. किल्ली कानसायला अडत नाही, तिथे डोळा काम करतो. पण बंद कुलपात दोन तारा घालायच्या, एकीने ताण द्यायचा, दुसरीने एकेक लिव्हर उचलत न्यायचा आणि तो नेमका जागेवर आल्याची केसाएवढी हालचाल बोटाच्या पेरात पकडायची, हे संपलं. ते काम भाचीकडे गेलं आहे. तिचा हात चांगला आहे. मी हे तिच्यासमोर फारसं बोलत नाही, आणि न बोलण्यात मत्सराचा वाटा आहे हे मला माहीत आहे.

हात थांबल्यामुळे मी गल्ल्यावर जास्त बसू लागलो, आणि गल्ल्यावर बसल्यामुळे विकत घ्यायला येणाऱ्यांशी बोलणं वाढलं. कोथरूड-एरंडवण्यातल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. पन्नास वर्षं एका घरात राहिलेली माणसं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या छोट्या जागेत जातात. शिसवी कपाट, आईचं शिलाई मशीन, पितळेची भांडी, पुस्तकांची खोकी तिथे मावत नाहीत. मग शहराबाहेरच्या एखाद्या गोदामात लहानशी खोली घेतात. गोदामवाला म्हणतो, खोली आमची, कुलूप तुमचं. आणि काकू दुकानात येऊन म्हणतात, "चांगल्यातलं द्या हो, जास्त लिव्हरचं."

त्या खोलीला कुलूप कसलं लावावं, या एका प्रश्नाने मला गेली काही वर्षं धरून ठेवलं आहे. घराच्या दारापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे. घराला शेजार असतो, दिवे असतात, आत माणूस असू शकतो. गोदामातली खोली महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. तिथे कुलूप एकटं असतं.

मी काकूंना विचारतो, "भोक केवढं आहे?" त्या माझ्याकडे बघतच राहतात.

सगळी गोष्ट तिथे आहे. दाराला सरकती कडी असते, तिची पट्टी चौकटीवरच्या पट्टीसमोर येते, दोन भोकं जुळतात, त्यातून शॅकल, म्हणजे कुलपाचा वाकडा दांडा, जातो. पट्टी करणाऱ्याने भोक पाडताना कुलपाचा विचार केलेला नसतो. जो ड्रिल बिट मशीनला लावलेला होता त्याने पाडलं, झालं. वर रंगाचे दोन हात चढतात आणि भोक आणखी आवळतं. दुकानातलं सगळ्यात दणकट कुलूप घेऊन गिऱ्हाईक वाघोलीच्या पुढे जातं, आणि १२ मिलिमीटरचा शॅकल ११ च्या भोकाशी अडून राहतो. मग तिथल्याच टपरीवरचं ६ मिलिमीटर शॅकलचं कुलूप लागतं. नरम लोखंडाचा ६ मिलिमीटर म्हणजे बोल्ट कटरला एकदा आवळायचं काम.

बरं, भोक मोठं असलं की प्रश्न सुटतो असंही नाही. मोठ्या भोकात लांब शॅकलचं कुलूप लोंबत राहतं. शॅकल आणि पट्टी यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते तिथेच कटरचा जबडा शिरतो, तिथेच पहार घालून पिळता येतं. त्यामुळे शॅकल जाड हवा, कडक केलेला हवा, बोरॉन पोलादाचा मिळाला तर उत्तमच, आणि त्याहून महत्त्वाचं, तो बाहेर दिसायला नको. पट्टी कुलपाच्या अंगाला घासली पाहिजे. दोन्ही पाय आत अडकणारा आणि अडकल्यावर न फिरणारा शॅकल असेल तर चोराला तो दोनदा कापावा लागतो; एकाच पायाने धरलेला असेल तर एका कापात फिरवून मोकळा. ही साधी गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते. लिव्हरचा आकडा मात्र मोठ्या लाल अक्षरात.

यावर उत्तर म्हणून चकतीच्या आकाराचं कुलूप असतं. जर्मनीच्या आबुस कंपनीचं ‘डिस्कस’ हे त्यातलं नावाजलेलं. आता तसली पुष्कळ येतात, बरीचशी चिनी. साधारण ७० मिलिमीटर व्यासाची पोलादी चकती, तिच्या कडेला एक खाच, आणि १० मिलिमीटरचा वाकडा शॅकल चकतीच्या आतच गोल फिरतो. लावल्यावर शॅकल जेमतेम पट्टीच्या जाडीएवढा उघडा राहतो. कटरला तोंड घालायला जागाच नाही. पहिल्यांदा ते हातात घेतलं तेव्हा करणाऱ्याला मनातून नमस्कार केला होता.

पण तेही आपल्या पट्टीवर बसत नाही. चकतीची खाच उथळ असते. भोक पट्टीच्या काठापासून जरा आत असलं की खाचेचा तळ काठाला आधी टेकतो आणि शॅकल भोकापर्यंत पोचत नाही. भोक काठाजवळ असलं तर पट्टी शटरच्या पन्हळींना इतकी चिकटलेली असते की चकतीची पाठ आत मावत नाही. मावली तर किल्लीचं तोंड भिंतीकडे येतं. आणि भोक काठाच्या अगदी लगत नेलं, तर कुलूप शाबूत राहून पट्टीच फाटते. दीड-दोन मिलिमीटरचा खेळ आहे. मी दोन गोदामवाल्यांना पट्टीचं रेखाचित्र काढून दिलं: भोक एवढं, काठ एवढा, शटरपासून अंतर एवढं, पट्टीची जाडी एवढी. एकाने ठेवून घेतलं. दुसरा म्हणाला, "काका, कुलूप गिऱ्हाइकाचं ना? मग काळजीही त्याचीच."

मला हे रात्री झोपताना आठवतं. पट्टीला चार पैसे जास्त लागले असते.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. माझं मन शॅकलमध्ये नाही. ते आतल्या यंत्रात आहे. आठ लिव्हरचं नीट केलेलं कुलूप, ज्याचा प्रत्येक लिव्हर वेगळ्या उंचीवर कापलेला आहे आणि स्प्रिंगा एकसारख्या ताणाच्या आहेत, ते माझ्या दृष्टीने माणसाच्या हाताने केलेल्या सुंदर वस्तूंपैकी आहे. मी आयुष्यभर कुलपाची किंमत एकाच मापाने केली: ते माझ्यापुढे किती वेळ टिकलं. पटकन उघडलं तर मनातून उतरलं. घाम काढला तर मान दिला. गल्लीतले लोक उभे राहून बघायचे तेव्हा मी हात मुद्दाम सावकाश चालवत असे. तो मान मला हवा असायचा, आजही हवा आहे.

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा किस्सा याच मानाचा आहे. जोसेफ ब्रामाचं कुलूप लंडनमध्ये पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून ठेवलेलं होतं. उघडेल त्याला २०० गिनी. साठ वर्षं कोणाला जमलं नाही. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकेतून अल्फ्रेड हॉब्ज आला. त्याने आधी चब्बचं डिटेक्टर कुलूप उघडलं आणि मग ब्रामाच्या कुलपावर बसला. अनेक दिवसांत विभागून ५१ तास लागले, पण उघडलं. तरुणपणी ही हकीकत मी इतक्या वेळा ऐकवली आहे की भाचीला तोंडपाठ आहे. एकदा तिने विचारलं, "मामा, गोदामातल्या चोराकडे ५१ तास असतात का?"

नसतात. पाच मिनिटंही नसतात. आणि लिव्हर उचलण्याची कला ज्याला येते तो गोदामात चोरी करायला जात नाही. तिथला चोर कापतो, पिळतो, उपटतो किंवा हातोडा घालतो. युरोपात पॅडलॉकला १ ते ६ अशी श्रेणी देतात, त्यातल्या चाचण्यांची नावं वाचली तरी कळतं: ओढणं, पिळणं, कापणं, घाव घालणं, ड्रिल करणं. मी ज्यात पटाईत होतो त्या कामाने कुठलंही गोदाम राखलं नाही आणि कुठलं लुटलंही नाही. हे मला फार आधीपासून कळत होतं. गिऱ्हाइकाला सल्लाही तसाच देत आलो. बोटं चालत होती तोवर त्याचं दुःख होत नव्हतं, एवढंच.

आतलं यंत्र अगदीच बिनमहत्त्वाचं, असंही मी म्हणू देणार नाही. नुसतं दाबून बसणाऱ्या स्वस्त कुलपात खटका स्प्रिंगवर असतो. शॅकलच्या कडेने पातळ पत्र्याची चीप सरकवली की तो मागे हटतो. किल्ली फिरवल्याशिवाय बंदच न होणारं कुलूप असेल, किंवा आत शॅकलला पोलादी गोळ्यांनी धरलं असेल, तर ही युक्ती चालत नाही. आणि बंद केल्याशिवाय किल्ली सोडतच नाही असं कुलूप विसराळू माणसासाठी घ्यावं. गोदामात सामान लावून थकलेला माणूस विसरतोच.

अमेरिकेत अशा भाड्याच्या खोल्यांचा धंदा फार जुना आणि फार मोठा आहे. तिथल्या चोरांची एक रीत ऐकली तेव्हा मी सावध झालो. चोर स्वतःच तिथे एक खोली भाड्याने घेतो, म्हणजे फाटकातून राजरोस आत येतो. शेजारच्या खोलीचं कुलूप कापतो, सामान हलवतो आणि तसंच दिसणारं दुसरं कुलूप लावून जातो. रखवालदाराला फेरी मारताना सगळी कुलपं जागेवर दिसतात. मालकाला कळतं ते महिन्यांनी, आपली किल्ली लागत नाही तेव्हा; तोही आधी कुलूपच बिघडलं असं समजतो. तेव्हापासून मी विकलेल्या प्रत्येक कुलपाच्या बुडाशी गिऱ्हाइकासमोर छोटी खूण करतो, ती त्यालाच ठरवायला लावतो, आणि अधूनमधून जाऊन बघायला सांगतो. कुलपावर किल्लीचा नंबर कोरलेला असेल तर लिहून घेऊन तो घासून टाकतो. गिऱ्हाइकाचा मुलगा न्यू जर्सीत, त्याला "हे बघ, नवं कुलूप" म्हणून फोटो पाठवायचा आणि फोटोत नंबर स्वच्छ वाचता येतो, असं फार होतं. त्या नंबरावरून किल्ली करता येते.

धंद्याबद्दल बोलायचं तर मला राग आहे, आणि तो लपवायचा नाही. १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेजांनी मुंबईत कुलपं करायला घेतली. अलीगढच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या कानस चालली. त्या देशात आज मी नव्या कोऱ्या कुलपाचं पोट उघडतो आणि खोक्यावरच्या दहा लिव्हरांपैकी निम्मे एकाच उंचीचे निघतात. पावसाळ्यात कुलूप जड चाललं की लोक त्यात खोबरेल तेल सोडतात. त्यावर धूळ बसते, चिकटा होतो, आणि दिवाळीत कुलूप माझ्याकडे येतं. ग्रॅफाइटची पूड टाका म्हणून सांगून माझा घसा बसला आहे. मोबाइलवर उघडणारी कुलपं येतात. दोन वर्षं बंद राहणाऱ्या खोलीला बॅटरीवरचं कुलूप लावायला मी कोणालाही सांगणार नाही.

सगळ्यात जास्त राग ग्राइंडरवाल्यांचा. किल्ली हरवली म्हणून बोलावलं की येतात, बॅटरीचा ग्राइंडर काढतात, ठिणग्या उडवतात, पैसे घेतात. कुलपाकडे बघतही नाहीत. त्यांना किल्लीवाले म्हणवत नाही. पण त्या ग्राइंडरपुढे माझ्या दुकानातलं कुठलंच कुलूप टिकत नाही, हे खरं आहे आणि मी ते गिऱ्हाइकाला सांगतो. सायकलीच्या काही परदेशी कुलपांना आता ग्राइंडरची चकतीच झिजवून टाकणारं अंग देतात. गोदामाच्या खोलीसाठी मात्र ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या याच काय त्या आपल्या बाजूच्या. म्हणून मी विचारतो, रात्री तिथे कोणी असतं का, खोली रस्त्याकडच्या रांगेत मिळेल का. कुलूप विकणाऱ्याने हे विचारायचं नसतं, असं एका गोदामवाल्याने मला सुनावलं आहे.

हल्ली मी एक काम स्वतःच्या हाताने करतो. एका तारेच्या कड्यात ८, १०, ११ आणि १२ मिलिमीटरच्या सळ्यांचे बोटभर तुकडे ओवतो. त्यांच्यासोबत ७० मिलिमीटरची पत्र्याची चकती, कडेला डिस्कससारखीच खाच कापलेली. हे मापांचं कडं गिऱ्हाइकाला देतो. गोदामात जा, कोणता तुकडा भोकातून विनासायास जातो बघा, चकती पट्टीवर पूर्ण बसते का बघा, मग कुलूप घ्यायला या. कडं परत आणून द्यायचं. खाच कानसायला मला अर्धी दुपार लागते. खाचेचा तळ सपाट आणि दोन्ही भिंती सरळ असाव्या लागतात, आणि ते डोळ्याने कळतं, बोटाची गरज नाही.

भाची म्हणते, "मामा, प्लास्टिकमध्ये छापून घेऊ. शंभर येतील, स्वस्त पडतील, परत मागायला नको." तिचं बरोबर आहे. माप पत्र्याइतकंच अचूक येईल, तिने एक नमुना करूनही आणला आणि मी तो व्हर्नियर लावून तपासला. तरी मी होकार दिलेला नाही. पत्र्याच्या प्रत्येक चकतीवर मी पंचाने माझ्या नावाचं पहिलं अक्षर ठोकतो, आणि गोदामांच्या त्या रांगांमधून ते अक्षर लोकांच्या हातात फिरावं, असं मला वाटतं.