आलोंच!

परवां वर्गांत एक गंमत झाली. सन १६११ च्या इंग्रजी बायबलांतील, मत्तयाच्या शुभवर्तमानांतला एक उतारा मीं विद्यार्थ्यांस मराठींत उतरवावयास दिला होता. येशूच्या शब्दासरशी अंजिराचें झाड वाळलें, असें तेथें वर्णन आहे; आणि त्यांत 'प्रेझेंटली' हें क्रियाविशेषण आहे. बहुतेकांनीं लिहिलें, "थोड्या वेळानें तें झाड वाळलें." बिचाऱ्या चमत्काराची पार दैना उडाली! कारण त्या काळीं 'प्रेझेंटली' म्हणजे तत्काळ. त्याच सुमाराच्या 'टेंपेस्ट' नाटकांत एरियल याच शब्दानें आपल्या धन्याला 'लगेच ना?' असें विचारतो, आणि पापणी लवते न लवते तोंच, असें उत्तर त्याला मिळतें.

मग त्याला 'थोड्या वेळानें' हा अर्थ कसा चिकटला? तो कोणा कोशकारानें दिलेला नाहीं. माणसाच्या चालढकलीनें दिला आहे. 'तत्काळ येतों' म्हणावयाचें आणि सावकाश उठावयाचें, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि अखेर शब्दानें बोलणाराची बाजू सोडून त्याच्या वागण्याची साक्ष दिली. 'सून' या शब्दाचा प्राचीन इंग्रजींतला अर्थही 'ताबडतोब' असाच. 'अनॉन' त्याच वाटेनें गेला. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरील नाटकांत गुत्त्यांतला फ्रान्सिस 'अनॉन, अनॉन' असें ओरडत राहतो, पण राजपुत्राच्या बोलण्यांत अडकून जागचा हलत नाहीं.

हें सारें मीं मोठ्या रसाळपणें सांगितलें. मुलें हंसलीं, मीही हंसलों. सायंकाळीं घरीं आलों, ओटीवरच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे लक्ष गेलें, आणि तें हंसूं मावळलें.

वडिलांची दृष्टि अधू झाल्यावर रात्रीं त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. ते ओटीवरून हांक मारीत, आणि मी उत्तरपत्रिकांच्या ढिगाआडून म्हणें, "आलोंच!" त्या 'च'मध्यें केवढी तांतडी! पण मी उठें तों कधीं पाऊण तास लोटलेला असे, कधीं त्यांचा डोळा लागलेला. पुढें पुढें ते हांक मारीनासे झाले. त्यांची वाचनाची गोडी ओसरली असावी, अशी मीं आपली समजूत करून घेतली. एकदां आईनें त्यांना कारण विचारलें, तें माझ्या कानांवर आलें. ते म्हणाले, "तो 'आलोंच' म्हणाला, कीं मी निजायला जातों." त्या बोलण्यांत राग नव्हता. कोशांत अर्थ नोंदवावा, तशी ती नोंद होती. मीं उद्यांपासून सुधारावयाचें ठरविलें. आणि 'उद्यां'चा अर्थ काय, हें वाचकांस मीं सांगावयास नको.

आतां ती खुर्ची कोणालाच हांक मारीत नाहीं. पण हें लिहीत असतांना आंतून मुलीचा आवाज आला आहे, "बाबा, जरा येतां का?" मीं 'आलोंच' म्हटलें आहे. वाक्य मनाजोगें संपलेलें नाहीं. तरी लेखणी येथेंच ठेवितों.