भिलारच्या ओसरीवर

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्या माणसांत दोन जाती असतात : वाईला थांबणारी आणि न थांबणारी. आमच्याबरोबर मेहुणे होते, म्हणून आम्ही थांबलो. ढोल्या गणपतीचे दर्शन झाले, कृष्णेच्या घाटावर पाच मिनिटे पाय बुडवून बसणे झाले. मग मेहुण्यांनी मोटारीतल्या सर्वांना ऐकवले की, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि ते सारे काम या वाईतून झाले. माझा अकरा वर्षांचा भाचा त्या वेळी खिडकीतून माकडे मोजीत होता. मेहुण्यांनी त्याचेही डोके आत ओढून त्याला तर्कतीर्थ ऐकवले.

पसरणीचा घाट चढून पाचगणी मागे टाकली, महाबळेश्वरच्या रस्त्यावरून आत वळलो, आणि लाल मातीच्या वाफ्यांत स्ट्रॉबेरीची राने दिसू लागली. फेब्रुवारीचा महिना. बायका ओळीने वाकून फळे खुडीत होत्या. हे भिलार. महाराष्ट्रात स्ट्रॉबेरीसाठी हे गाव पूर्वीपासून माहीत होते. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' म्हणूनही ओळखले जाऊ लागले. राज्य शासनाने मराठी विकास संस्थेमार्फत ही योजना उभी केली. गावातल्या पंचवीसएक जागा निवडल्या. कुणाचे राहते घर, कुठे देऊळ, कुठे शाळा. तिथे कपाटे, खुर्च्या दिल्या आणि सुमारे १५,००० मराठी पुस्तके वाटून ठेवली. पुढे जागाही वाढल्या, पुस्तकेही वाढली.

कल्पना मूळची विलायतेची. वेल्स आणि इंग्लंडच्या हद्दीवर, वाय नदीच्या काठी 'हे' नावाचे गाव आहे. तिथे रिचर्ड बूथ नावाच्या एका वल्लीने जुन्या पुस्तकांची दुकाने काढली, आणि १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला त्या गावाचा राजा म्हणून जाहीर करून टाकले! तारीख लक्षात घ्या. जग हसले, पण पुस्तके घ्यायला आले. मेहुणे म्हणाले, "त्यांचं गाव वायच्या काठावर, आपलं वाईच्या डोक्यावर." हा विनोद त्यांनी घाटात तयार करून ठेवला असावा. दोन्ही गावांत फरक मात्र मोठा आहे. तिथले पुस्तक पैसे टाकून घरी न्यायचे. भिलारला पुस्तक विकत मिळत नाही आणि घरीही नेता येत नाही. दुसऱ्याच्या घरात बसून वाचायचे आणि परत कपाटात ठेवायचे. पैसा एक पडत नाही.

दुसऱ्याच्या घरात बसून वाचणे! आपल्याकडे पाहुण्याने यजमानाच्या घरी पुस्तकात डोके घातले तर तो घुमा ठरतो. इथे पाहुणा येतो तोच डोके खाली घालण्यासाठी. घरावर पाटी असते, त्या घरात कोणत्या प्रकारची पुस्तके आहेत ते लिहिलेले असते. इथे इतिहास, तिथे कादंबरी, पलीकडे कविता, खालच्या आळीला बालसाहित्य. म्हणजे एरवी एका कपाटात खांद्याला खांदा लावून उभी असणारी पुस्तके इथे वेगवेगळ्या उंबरठ्यांआड राहायला गेली आहेत. परिणाम असा झाला की, एका मोटारीतून आलेले आमचे कुटुंब दहा मिनिटांत गावभर फुटले. वाचणाऱ्या घराची फाळणी कशी होते ते पाहायचे असेल तर भिलारला जावे.

मेहुणे अर्थातच इतिहासाकडे. ते इतिहास वाचतात म्हणजे इतिहासकाराशी भांडतात. त्यांच्या घरच्या प्रत्येक पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने 'पुरावा?' असे लिहिलेले सापडेल. इथे पुस्तक गावाचे, त्यामुळे पेन्सिल खिशातच ठेवावी लागली, आणि सारी वादावादी त्या घरच्या म्हाताऱ्या मालकांशी झाली. मालक मोठे सोशिक. तासाभराने मी डोकावलो तेव्हा ते मेहुण्यांना म्हणत होते, "तुम्ही म्हणताय तसंबी असंल, पण च्या गार व्हतोय."

आमची सौभाग्यवती कादंबऱ्यांच्या घरी. शेवटचे पान आधी वाचून मग पहिल्या पानाकडे वळणाऱ्या वाचकांपैकी ती आहे. "शेवट कळला की निवांत वाचता येतं," हे तिचे म्हणणे. मला हा गुन्हा वाटतो. पण अशी माणसे हजारोंनी आहेत आणि ती बाकीच्यांइतकीच पुस्तके फस्त करतात, हेही खरे. भाचा बालसाहित्याच्या घरात शिरला तो भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला घेऊन पालथा पडला. जेवायला हाक मारली तरी हलेना. खाताना वाचू नये, असे सांगणाऱ्या माझ्या बहिणीचे स्वतःचे अर्धे बालपण पानात भात आणि मांडीवर पुस्तक या स्थितीत गेले आहे. मी ते भाच्यासमोर बोललो नाही.

वाचकांच्या सवयी मी लहानपणापासून टिपीत आलो आहे, त्या सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या पुस्तकांवरून. तीस-चाळीस घरे फिरून आलेल्या त्या पुस्तकांत किती काही सापडे! कडेला तेलाचे बोट. मध्येच केसातला आकडा. पहिल्या पानावर कुणी लिहिलेले 'छान आहे', त्याखाली दुसऱ्याच्या अक्षरात 'मुळीच नाही'. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत तर एका सज्जनाने पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवले होते. कोणते पान कोणत्या घरात, कशा घाईत वाचले गेले, हे त्या डागांवरून कळायचे. भिलारची पुस्तके त्या मानाने स्वच्छ. ती घरोघर हिंडत नाहीत, वाचकच त्यांच्या घरी येतात.

आता आत्याविषयी सांगतो. खरे म्हणजे ही सहल तिच्यासाठीच काढली होती.

आत्या ७८ वर्षांची. लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत गेली ती एकोणिसाव्या वर्षी. दोन खोल्या आणि नऊ माणसे. वाचनाचे वेड माहेरचे. सासरी पुस्तकाला कुणी नाही म्हटले नाही, फक्त वेळ दिला नाही. नळाला पाणी यायच्या आधीची वीस मिनिटे, दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावरचा अर्धा तास, रात्री दूध तापत ठेवले की ते वर येईपर्यंतची चार मिनिटे. या फटींतून तिने चाळीस वर्षे वाचले, आणि थोडेथोडके नव्हे. मराठी कथा तिच्याइतकी वाचलेले प्राध्यापक मला फार भेटलेले नाहीत. दिवाळी अंकांवर तिची विशेष भक्ती. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, त्याबद्दल त्या गृहस्थांना ती दर दिवाळीला दुवा देते.

पण कादंबरी ती वाचीत नसे. विशेषतः जाड कादंबरी. आम्ही सारे समजत होतो की तिला लघुकथाच आवडते. कुणी विचारले तर तीही तेच सांगायची. कादंबरीत पाल्हाळ फार, म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याची दृष्टी काचबिंदूने गेली. उजव्यात थेंब घालणे चालू आहे. तो किती दिवस साथ देईल हे डॉक्टरांनी नेमके सांगितले नाही, आणि आत्याने विचारलेही नाही. तिने आपले आपण वाचनाचे रेशन ठरवले : सकाळी एक तास, उजेड चांगला असताना. आता तासाला किती पाने, वर्षाला किती पुस्तके, हा हिशेब ती मनातल्या मनात करीत असणार. घरातली पुस्तके एकेक करून वाटून टाकायला लागली तेव्हा आम्ही चरकलो. "पुन्हा वाचायची कोणती आणि नाही कोणती, ते पाहतेय," एवढेच म्हणाली.

भिलारला ती सौभाग्यवतीच्या मागोमाग कादंबऱ्यांच्या घरात गेली. घरचा पुरुष शेतावर, सून ओसरीवर स्ट्रॉबेरी निवडीत बसलेली. तिने खुर्ची उन्हाकडे वळवून दिली. "बसा की आजी निवांत. हितं कोन हाक मारायला येत न्हाई." आत्याने कपाटापुढे बराच वेळ काढला. पुस्तकाच्या पाठीवरची नावे तिला आता एक डोळा बारीक करून वाचावी लागतात. मग तिने दोन्ही हातांनी एक ठोकळा बाहेर काढला. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?'

मी चकित झालो. म्हटले, "आत्या, कथांचं घर पलीकडे आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "ही तीनदा धरली होती मी. एकदा पन्नास पानं, एकदा ऐंशी. मध्ये आठ दिवस खंड पडायचा आणि माणसं विसरायला व्हायची. मग सोडून दिली. गोष्ट कशी, दूध उतू जायच्या आत संपते."

म्हणजे साठ वर्षे ज्याला आम्ही तिची आवड म्हणत होतो, ती चाळीतल्या नळाच्या वेळापत्रकाने ठरवून दिलेली होती. मला एकदम आमच्या ओळखीची कितीतरी माणसे आठवली. लोकलच्या प्रवासात उभ्याने वाचता येते म्हणून पातळ रहस्यकथा वाचणारा माझा मित्र. रात्रपाळीच्या पहाऱ्यावर 'मृत्युंजय' चार वेळा संपवणारा आमच्या कचेरीतला शिपाई; त्याला रात्र लांब होती, म्हणून पुस्तकही लांब हवे होते. अमक्याची अभिरुची उच्च आणि तमक्याची हलकी असे आपण सहज बोलून जातो; त्या बिचाऱ्याला बसायला खुर्ची आणि सलग दोन तास कधी मिळाले होते का, हे कुणी विचारीत नाही.

आणखी एक गंमत. ही कादंबरी हरिभाऊंनी १८९० पासून आपल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमाक्रमाने छापली. म्हणजे पहिल्या वाचकांनी ती तुकड्यातुकड्यांनीच वाचली, आठवडाभर यमूची वाट पाहत. आत्याला तुकडेच मिळत होते, पण पुढच्या आठवड्याची खात्री नव्हती.

दुपारी जेवायला ती उठली, भाकरी-पिठले खाल्ले आणि पुन्हा जाऊन बसली. आम्ही गाव हिंडलो, कवितांच्या घरी गेलो, भिंतींवरची रंगवलेली चित्रे पाहिली. साडेचारला येऊन पाहतो तो खुर्ची उन्हाबरोबर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सरकलेली. सुनेने ती दोनदा हलवून दिली होती. आत्या भिंग धरून वाचीत होती. तिचे रेशन केव्हाच संपले होते.

"डोळ्याला ताण पडेल," ताई म्हणाली.

"पडू दे."

पाचला निघायचे ठरले होते. महाबळेश्वरला खोल्या राखून ठेवल्या होत्या. मी म्हटले, "पुण्याला गेल्यावर नवी प्रत घेऊन देतो. मोठ्या अक्षरांची मिळाली तर तीच." आत्याने मान हलवली. घरी नेली की पुन्हा फोन, दाराची घंटा, औषधाची वेळ. तिला हीच ओसरी हवी होती.

सून हे ऐकत होती. तिने हात पुसले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की आजींना. वरची खोली रिकामी हाय. पाव्हनं उतरत्यात आमच्याकडं." खोलीचे भाडे तिने तिथल्या तिथे स्वच्छ सांगितले, त्यात भिडेचा भाग नव्हता, ते मला आवडले. मी सहज विचारले, "तुम्ही वाचता का यांतलं काही?"

"वाचते की. रातच्याला भांडी झाली की. पर येकच गोष्ट. मोठं पुस्तक धरलं की झोप येती."

आत्याने पुस्तकातून डोके वर काढून तिच्याकडे पाहिले. मग तिला जवळ बोलावून, कथांच्या घरातून कुणाकुणाची पुस्तके आणायची, ती नावे सांगू लागली. सून बोटांवर मोजीत होती. सहावे नाव झाले तेव्हा तिने भाच्याच्या वहीतले पान मागून घेतले.

आम्ही आत्याची पिशवी, डोळ्यांचे थेंब आणि स्वेटर वरच्या खोलीत ठेवून महाबळेश्वरला गेलो. मेहुणे वाटेत दोनदा म्हणाले की, आपणही राहायला हवे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो तेव्हा अंगणात ऊन उरले नव्हते आणि सून दिव्याखाली बसून आत्याला मोठ्याने वाचून दाखवीत होती. शेवटची चाळीस पाने राहिली होती. सून जोडाक्षरांना अडखळे, आत्या डोळे मिटून पुढचा शब्द सांगे. आम्ही मोटारीचे दिवे बंद करून पायरीवर बसलो.