संगीतात बी. ए.

अमेरिकेत संगीताची पहिली पदवी दोन नावांनी मिळते आणि त्या दोन नावांतला फरक आपल्याकडे फारसा कुणी समजावून सांगत नाही. एक बॅचलर ऑफ म्युझिक. ही कॉन्झर्व्हेटरीची, म्हणजे वादक-गायक घडवणाऱ्या विद्यालयाची पदवी. तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मापदंडाप्रमाणे तिच्यात साधारणपणे किमान ६५ टक्के अभ्यास संगीताचाच असतो. दुसरी साधी बी. ए. लिबरल आर्ट्स कॉलेजातल्या विद्यार्थ्याने संगीत हा मुख्य विषय घेतला की त्याला सहसा ही मिळते, आणि त्याच मापदंडात तिच्यातला संगीताचा वाटा ३० ते ४५ टक्के धरलेला आहे. उरलेल्या वेळात तो इतिहास, गणित, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, एखादी परकी भाषा यांपैकी काही ना काही शिकत असतो. आकडे असे शेजारी ठेवले की पहिली पदवी पुरती आणि दुसरी अपुरी, असा समज सहज होतो. ज्याला कॉन्झर्व्हेटरीत प्रवेश मिळाला नाही त्याने बी. ए. करावी, असं मग म्हटलं जातं. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. संगीत हे ज्ञानही आहे असं आपण मानत असू, तर ते इतर ज्ञानांच्या शेजारी बसूनच शिकावं लागेल. बी. ए.मधले ते बाकीचे विषय संगीताचा वेळ खात नाहीत. संगीत समजायला तेच लागतात.

वर्गात नेमकं काय चालतं ते पाहू. पहिल्या-दुसऱ्या वर्षात विद्यार्थ्यासमोर बहुधा जर्मन संगीतकार बाखचे कोराल येतात, म्हणजे चार आवाजांत बांधलेली चर्चगीतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या त्यांच्या संग्रहात अशी ३७१ गीतं आहेत, आणि दोन-अडीचशे वर्षं हार्मनी, म्हणजे स्वरमेळ, शिकणाऱ्यांनी ती गिरवली आहेत. वरचा सूर दिलेला असतो, खालचे तीन आवाज आपण लिहायचे. नियम कडक असतात. त्यातला एक आपल्या कानाला फार चमत्कारिक वाटेल : दोन आवाजांनी षड्ज-पंचमाचं अंतर कायम ठेवून एकाच दिशेने सरकायचं नाही. ज्यांचं सगळं गाणं तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमावर उभं असतं त्यांना पंचम कशात खटकतो हे प्रथम उमगतच नाही. कारण असं की षड्ज-पंचम एकमेकांत इतके मिसळतात की ते जोडीने चालू लागले की दोन आवाज दोन राहत नाहीत. आणि चारही आवाज शेवटपर्यंत आपापले चालले पाहिजेत, हीच तर त्या संगीताची मुळातली प्रतिज्ञा. विद्यार्थी वर्षभर हा नियम पाळायला शिकतो. गणितातल्या सिद्धतेसारखी ओळन्‌ओळ तपासतो, चूक डोळ्याआधी कानाला कळू लागते. मग पुढच्या एखाद्या सत्रात त्याच्यापुढे फ्रेंच संगीतकार देब्युसीची १९१० सालची पियानोवरची प्रील्यूड्स येतात, आणि तिथे समुद्रात बुडालेल्या कॅथीड्रलचं चित्र उभं करताना देब्युसी अख्खे स्वरसमूह एकत्र, समांतर सरकवतो. मोडलेला नियम कानाला सुंदर लागतो. नियम निसर्गाचा नव्हता, एका काळाने एका हेतूने केलेला होता, हे त्या क्षणी कळतं. पण ते नीट कळण्यासाठी तो काळ माहीत हवा : लूथरपंथी चर्चमध्ये सगळी मंडळी मिळून का गात होती, आणि दोन शतकांनंतर पॅरिसमधल्या एका संगीतकाराला मध्ययुगीन घंटानादाची ओढ का लागली असावी. हे प्रश्न संगीताच्या वर्गात उभे राहतात, त्यांची उत्तरं इतिहासाच्या वर्गात शोधावी लागतात.

त्याच कॉलेजात गामेलान असेल तर आणखी एक भिंत पडते. जावामधल्या या वाद्यवृंदातली काशाची वाद्यं एकमेकांशी जुळवून घडवलेली असतात. त्यांची स्वरजुळणी दोन प्रकारची : स्लेंद्रो पाच स्वरांची, पेलोग सात स्वरांची. पण एका संचाचा स्लेंद्रो दुसऱ्या संचाच्या स्लेंद्रोशी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात बसवता येत नाही. पियानोच्या बारा स्वरांना जगाचं माप समजणाऱ्या मुलाला हे पुस्तकात वाचून पटत नाही. हातात लाकडी हातोडी घेऊन वृंदात बसावं लागतं. वाजवणं हाही जाणण्याचा भाग आहे, हे मात्र पूर्वी मान्य नव्हतं. मध्ययुगीन युरोपातल्या सात विद्यांमध्ये संगीत होतं, अंकगणित, भूमिती आणि खगोलाच्या रांगेत. पण सहाव्या शतकातल्या बोएथियसने संगीत जाणणारा खरा कोण तर त्याची पारख करणारा, असं ठरवून वाजवणाऱ्याला खालची पायरी दिली होती. अमेरिकी कॉलेजांनी, उशिरा का होईना, ती चूक दुरुस्त केली. हार्वर्डने १८७५ साली जॉन नोल्स पेन यांना संगीताचे प्राध्यापक केलं, ती अमेरिकी विद्यापीठातली अशी पहिली जागा मानली जाते. आज बी. ए.चा विद्यार्थी निबंधही लिहितो आणि वाद्यही वाजवतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. विद्या गुरुमुखातून गळ्यात उतरते. कॉलेजच्या वेळापत्रकात, आठवड्याला एका तासाच्या तालमीत ती कशी येणार? आक्षेप खरा आहे. चार वर्षांच्या बी. ए.तून मैफलीचा गायक किंवा ऑर्केस्ट्रातला व्हायोलिनवादक तयार होत नाही. तसा कुणी निघालाच तर तो लहानपणापासूनच्या रियाजामुळे. पण वेस्लियन विद्यापीठाकडे पाहावं. कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन या लहान गावात १९६० नंतरच्या दशकात मृदंगमवादक टी. रंगनाथन शिकवायला आले, पुढे त्यांचे भाऊ टी. विश्वनाथन आले, नर्तकी बालसरस्वतींनीही तिथे शिकवलं. जावाचे गामेलानवादक सुमर्सम १९७२ साली तिथे शिकवायला आले. गुरूचं घर कॉलेजात आणण्याचा हा प्रयत्न होता. याच कॉलेजात जॉन हिगिन्स यांनी १९६२ साली संगीत आणि इतिहास असे दोन मुख्य विषय घेऊन बी. ए. केलं. कर्नाटक संगीताशी त्यांची गाठ तिथेच पडली. मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते मद्रासला गेले, रीतसर शिकले, आणि तिथल्या जाणत्या श्रोत्यांनी त्यांना ‘हिगिन्स भागवतर’ म्हटलं. गवयाला दिली जाणारी ही उपाधी सौजन्यापोटी मिळत नाही. पुढे टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात त्यांनी त्रिची शंकरन यांच्यासह भारतीय संगीताचा अभ्यासक्रम उभा केला. त्यांचा गळा मद्रासमध्ये तयार झाला, हे मान्य. पण ते मद्रासला का गेले, याचं उत्तर मिडलटाउनमध्ये आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून जुनं आहे. विष्णु नारायण भातखंडे १८८५ साली बी. ए. झाले, १८८७ साली एलएल. बी. झाले. सतार आणि गाणं ते शिकले होतेच, पण देशभर फिरून उस्तादांच्या चिजा मिळवणं, एकाच रागाची वेगवेगळ्या घराण्यांतली रूपं समोरासमोर ठेवणं, जुन्या संस्कृत ग्रंथांतले राग आणि प्रत्यक्ष गायले जाणारे राग यांचा मेळ बसतो का हे तपासणं, ही पद्धत मला साक्षीपुरावे तोलणाऱ्या वकिलाची वाटते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत, गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिले. रागांच्या वर्गीकरणासाठी त्यांनी मांडलेल्या दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत ही टीका गायकांनी केली, आणि ती बऱ्याच अंशी योग्य आहे. पण त्या वर्गीकरणावर असा खुला वाद घालता यावा इतकं ठोस विधान त्यांनी केलं होतं. गाणं येणं आणि गाण्याविषयी तपासता येईल असं बोलता येणं, ही दोन वेगळी सामर्थ्यं आहेत. दुसरं सामर्थ्य नुसत्या रियाजाने येत नाही. शास्त्राच्या परीक्षेत व्याख्या पाठ करून लिहिल्यानेही येत नाही.

पैशाचा आक्षेप सर्वांत जड. खाजगी अमेरिकी कॉलेजात राहणं-जेवणं धरून वर्षाचा खर्च आता अनेक ठिकाणी ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. एवढं घालून संगीत? ज्या घरात त्यासाठी कर्ज काढावं लागणार आहे तिथे हा प्रश्न विचारणाऱ्याला अरसिक म्हणणं अन्याय्य आहे, आणि भरघोस आर्थिक मदत नसेल तर मीही थांबाच म्हणेन. पण या प्रश्नात आपली एक भारतीय समजूत नकळत मिसळलेली असते, ती वेगळी काढली पाहिजे. आपल्याकडे बारावीनंतर एक वाट ठरते आणि बाकीच्या बहुतेकदा बंद होतात. अमेरिकेत वैद्यक आणि कायदा हे दोन्ही पदवीनंतर शिकतात. वैद्यकीय विद्यालयांना रसायन, जीवशास्त्र, भौतिकी असे ठरावीक अभ्यासक्रम पुरे केलेले हवे असतात, मुख्य विषय अमुकच हवा असं नसतं. कायद्याला तेही बंधन नाही. म्हणजे संगीतात बी. ए. करणाऱ्या मुलीने डॉक्टर होण्याचं दार लावून घेतलेलं नसतं. ज्यांना दोन्ही वाटा पुऱ्या चालायच्या आहेत त्यांच्यासाठी ओबर्लिन कॉलेजात पाच वर्षांत दोन पदव्या घेता येतात. बार्ड कॉलेजने तर २००५ साली कॉन्झर्व्हेटरी काढताना पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने संगीताबरोबर दुसऱ्या एखाद्या विषयाचीही पदवी घ्यावी, असा दंडकच घातला. वादक घडवण्यासाठी निघालेल्या संस्थेला दुसरी विद्या सक्तीची करावीशी वाटली, याला मी मोठा पुरावा मानतो.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरं उत्तर नाही. ज्या मुलाच्या घरी पियानो नव्हता, खाजगी शिकवणी नव्हती, तो अठराव्या वर्षी स्वरलिपीपासून सुरुवात करणार आणि शेजारचा मुलगा बारा वर्षांच्या तयारीने आलेला असणार. हार्वर्डच्या संगीत विभागाने २०१७ साली आपला अभ्यासक्रम बदलून सिद्धान्ताच्या वर्गांची पूर्वीची सक्ती उठवली, तेव्हा हाही विचार त्यामागे होता. विषमता खरी आहे, पण उपाय मला पटत नाही. कोरालचे नियम वाटेतून काढल्याने ते न शिकलेल्या मुलाची उणीव भरून निघत नाही, फक्त दिसेनाशी होते. त्याला आधीचं एक वर्ष द्यावं, शिक्षक द्यावा, सरावासाठी खोली आणि वाद्य द्यावं. कोराल सोडू नये.

अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत आज हा निर्णय समोर आहे. मुलगी तबला शिकत मोठी झाली, शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवते, आणि आता संगीत मुख्य विषय घ्यायचा म्हणते. तिच्या आईवडिलांनी कॉलेजचं नाव आणि क्रमांक पाहण्याआधी अभ्यासक्रमाची यादी मागवावी. एकाहून अधिक परंपरांचे शिक्षक तिथे आहेत का, व्यक्तिगत तालीम फीमध्ये धरली आहे की वेगळी, दुसरा मुख्य विषय खरोखर जमवता येतो का, हे विचारावं. शेवटच्या वर्षी अशा मुलामुलींचा कार्यक्रम होतो आणि पुष्कळ ठिकाणी त्यातल्या रचनांवरच्या टिपा त्यांनी स्वतः लिहिलेल्या असतात. त्या कार्यक्रमाला जाल तेव्हा थोडं लवकर पोचा, आणि दिवे मंद होण्याआधी त्या टिपा वाचून घ्या.