पॉटच्या आइस्क्रीमच्या शोधात : अलिबाग ते जयगड

मे महिन्यात अलिबागच्या पुढे गाडी निघाली की दर दोन-चार किलोमीटरवर ‘होममेड आइस्क्रीम’ची पाटी दिसते. पाटीखाली फ्रीजर, फ्रीजरवर कुठल्यातरी कंपनीचे चित्र आणि आत वीस-बावीस प्रकार. घरात बनवलेल्या वस्तूचे वीस प्रकार होत नाहीत हे घर चालवणाऱ्या बाईला कुणी सांगावे लागत नाही. तरीही यंदाच्या सुट्टीत आम्ही ठरवले की मुंब्र्याहून निघून किनाऱ्या-किनाऱ्याने रत्नागिरी गाठायची आणि वाटेत फक्त तिथेच बनलेले आइस्क्रीम खायचे. आम्ही दोघे, दोन मुले आणि माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी. खरे परीक्षक त्याच होत्या.

मोजायचे तर माप हवे. ते माप आमच्याकडे मुंबईचे आहे. भेंडीबाजारात बोहरी मोहल्ल्यातले ताज आइस्क्रीम हे 1887 पासूनचे दुकान. तिथे अजूनही संच्यातले, म्हणजे लाकडी पिंपात बर्फ-मीठ भरून हाताने फिरवलेले आइस्क्रीम मिळते आणि फळ त्या-त्या हंगामाचे असते. चमचा घातला तर तो सहज आत जात नाही, जरा जोर लावावा लागतो. याचे कारण साधे आहे. कारखान्यातल्या यंत्रात आइस्क्रीम फेटताना त्यात भरपूर हवा भरली जाते. सरकारी नियमानुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असावे लागते, म्हणजे जवळजवळ अर्धा डबा हवा असली तरी चालते. हाताने फिरवलेल्यात तेवढी हवा शिरतच नाही. म्हणून तेवढ्याच वाटीत ते जास्त भरते आणि तोंडात हळूहळू विरघळते.

दुसरी गोष्ट डब्यावरच्या अक्षरांची. ‘आइस्क्रीम’ म्हणायचे तर त्यात दुधाची स्निग्धता किमान 10 टक्के हवी. वनस्पती तेल किंवा वनस्पती तूप वापरले असेल तर त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहावे लागते. ही अक्षरे बारीक असतात आणि आपण चित्र पाहून घेतो. मुलांना मी वाटेत एवढेच शिकवले की आधी डबा वाचा, मग हट्ट करा.

मुरूडला किनाऱ्यासमोरच्या एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मोठ्या कौतुकाने आंब्याचे घेतले. रंग केशरी, वास दुरूनच येणारा. अम्मींनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाल्या, “यात आंबा कुठाय?” मालकाला ऐकू गेले. तो हसला, पण उत्तर त्याच्याकडेही नव्हते. ज्या गावात आंबा झाडावरून उतरतो त्याच गावात बाटलीतला अर्क घालायचा, हे मला अजून समजलेले नाही. त्यानंतर आम्ही दुकानात शिरताच यादी मागायचे सोडले आणि “आज काय बनवलंय?” एवढेच विचारू लागलो. ज्याने घरी बनवलेले असते तो लगेच सांगतो. नसेल तो यादी पुढे करतो.

आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढून दिघीला उतरलो. या किनाऱ्याच्या प्रवासाची खरी मजा या फेरीबोटींत आहे. खाडी आली की गाडी बंद, सगळे बाहेर, दहा-पंधरा मिनिटे वारा. दिवेआगरला नारळी-पोफळीच्या वाडीत एका बाईंच्या घरी उतरलो होतो. त्यांनी रात्री जेवणानंतर शहाळ्याचे आइस्क्रीम दिले. दूध आटवलेले, त्यात शहाळ्याची कोवळी मलई, अर्धी वाटून आणि अर्धी बारीक चिरून. साखर बेताची. घरच्या फ्रिजमध्ये जमवलेले असल्याने त्यात बर्फाचे बारीक कण लागत होते. त्या म्हणाल्या, दोनदा मिक्सरमधून फिरवते तरी जात नाहीत. अम्मींनी ते सगळे संपवले आणि आणखी मागितले, यावरून काय ते समजा.

बाणकोटची खाडी ओलांडून बागमांडल्याहून वेश्वीला आणि पुढे दापोलीत. इथे फणसाचे आइस्क्रीम खाल्ले. कापा फणस खायला चांगला, पण आइस्क्रीमला बरका लागतो, कारण त्याचा गर मऊ आणि रसाळ असतो. घरात मात्र याच्यावरून दोन तट पडले. मुलांनी नाके मुरडली, आम्ही मोठ्यांनी वाट्या चाटून पुसल्या.

दाभोळच्या खाडीकाठी ह्यांच्या फुफीचे घर आहे. आम्ही येणार हे तिथे आठवडाभर आधी कळवले होते आणि फुफींनी त्याच दिवशी माळ्यावरून पॉट काढून विहिरीजवळ पाणी भरून ठेवला होता. हे का, ते मुलांना ठाऊक नव्हते. वर्षभर कोरडे राहिले की लाकडी पिंपाच्या फळ्या आकसतात आणि फटी पडतात. दोन दिवस पाण्यात राहिले की लाकूड फुगते आणि फटी आपोआप बुजतात. न भिजवता वापरला तर मिठाचे पाणी सगळ्या अंगणात.

त्याच आठवड्यात फुफींचा धाकटा मुलगा कुवेतहून सुट्टीवर आला होता. या पट्ट्यातल्या आपल्या कितीतरी गावांचे असेच आहे. पुरुष आखातात, मुलांच्या शाळा मुंबई-मुंब्र्यात, आणि घरे मे महिन्यात उघडतात. त्या आळीत मी मोजली तर अकरा घरांपैकी चारांना कुलूप होते.

दूध म्हशीचे, 2 लिटर. कोकणात दूध मुळातच कमी. आंबा घरचा आणि दूध पिशवीचे, असे बहुतेक घरी चालते. फुफींनी मात्र शेजारच्या गावातून सांगून आणवले होते. ते आटवून दीड लिटर केले, साखर घातली आणि पूर्ण थंड होऊ दिले. आंब्याचा रस त्यानंतर. गरम दुधात रस घातला तर दूध फाटायची भीती आणि हापूसचा वासही उडतो. सहा आंबे, हाताने पिळून, गाळून. मिश्रण डब्याच्या दोन-तृतीयांशच भरायचे, कारण फिरवताना ते फुगते.

बर्फाची लादी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून आली. तो कारखाना मासळीसाठी चालतो. डब्याबाहेरच्या बर्फाचा आइस्क्रीमला स्पर्श होत नाही, पण पिंपाचे भोक तुंबले की खारे पाणी वर चढून झाकणातून आत जाते. म्हणून फुफी दर थोड्या वेळाने भोकात काडी घालून पाहत होत्या. बर्फ गोणपाटात कुटून, तीन थर बर्फाला एक थर जाड्या मिठाचा. मिठामुळे बर्फ शून्याखालीच वितळू लागतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. नुसता बर्फ शून्य अंशावर थांबतो, मीठ घातले की तो शून्याखाली वीस-एकवीस अंशांपर्यंत जाऊ शकतो. शाळेत शिकलेले हे माझ्या मुलाला त्या दिवशी प्रथम पटले. त्याने बोट लावून पाहिले आणि ओरडला.

मग फिरवणे. पहिली दहा मिनिटे मुलांची भांडणे, “आता माझी पाळी”. पुढची दहा मिनिटे मोठ्या मुलांची. त्यानंतर दांडा जड होतो आणि तिथे पुरुषांचे दंड लागतात. कुवेतवाला भाऊ घामाने निथळत होता आणि फुफी पॉटवर गोणपाट टाकून त्यावर एका लहानग्याला बसवून वजन देत होत्या. चाळीस मिनिटे सहज लागली.

याच चाळीस मिनिटांत तो विषय निघाला. दोन्ही मुलांचे म्हणणे, फुफींनी आता मुंब्र्याला यावे, तिथे फ्लॅट घेतलेला आहे. वाडी खंडाने द्यावी, घर बंद ठेवावे. गुडघे दुखतात, दवाखाना दूर, पावसात वीज चार-चार दिवस नसते. यातले एकही कारण खोटे नाही. फुफी काहीच बोलल्या नाहीत. अम्मींनी विचारले, “आणि हा पॉट?” भाऊ म्हणाला, “तिकडे विजेवरचा घेऊ.” फुफी म्हणाल्या, “बर्फ बघ, कमी झालाय.”

पाते काढले की त्याला चिकटलेले चाटायचा हक्क सर्वांत लहान मुलाचा. बाकीच्यांनी तासभर थांबायचे. डबा पुन्हा बर्फ-मिठात पुरून, गोणपाटात गुंडाळून मुरू द्यायचा. त्या वेळात अस्र झाली. मग अंगणात सतरंजी अंथरली. अठरा माणसे होतो. शेजारच्या दोन घरांत वाट्या झाकून पाठवल्या, त्यानंतर आमच्या वाट्या भरल्या.

चव कशी होती? हापूस खाताना कोयीजवळ जो किंचित आंबटपणा लागतो, तोसुद्धा त्यात होता. दूध पुढे येत नव्हते, आंब्याला फक्त धरून होते. अम्मी काही बोलल्या नाहीत, त्यांनी वाटी पुढे केली. मुरूडपासून दापोलीपर्यंत जे-जे खाल्ले ते सगळे माझ्या लेखी मागे पडले. दिवेआगरचे शहाळ्याचे तेवढे दुसऱ्या क्रमांकावर ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना फुफींनी उरलेले स्टीलच्या डब्यात भरून, भोवती बर्फ लावून थर्माकोलच्या खोक्यात दिले. रत्नागिरीपर्यंत टिकेल असे त्यांचे म्हणणे. दाभोळहून धोपाव्याला उतरलो, गुहागर मागे टाकले आणि तवसाळला पुढच्या फेरीबोटीची बराच वेळ वाट पाहिली. बोटीत झाकण उघडले तर आत घट्ट आमरस झाला होता. मुलांनी तोच पेल्यांतून प्यायला. जयगडचा धक्का जवळ आला तेव्हा अम्मींनी प्यायच्या पाण्याने डबा विसळला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि ह्यांना म्हणाल्या, “डबा फुफीचा आहे, परत पाठवायचा आहे. रिकामा कसा पाठवायचा? रत्नागिरीत काय भरायचं ते बघून ठेव.”